शाळेतल्या टाक्या : कोणासोबत कोण राहील (प्रकल्प नोंदी)

१६ जून २०२५

आज शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत पाहुणे आले. बदली होऊन निघालेल्या एका पालकांनी घरची टाकी रिकामी केली आणि सगळे जीव बादल्यांतून आणून दिले. दोन गोल्डफिश, तीन टायगर बार्ब, एक एंजल, सहा निऑन टेट्रा, वीतभर लांबीचा सकर आणि ‘ड्वार्फ फ्रॉग’ म्हणून घेतलेले दोन पांढरे बेडूक. हे सगळे एका दोन फुटी टाकीत एकत्र राहत होते.

कोणी कोणाला काय केलं ते अंगावर दिसतंय. एंजलच्या पोटाखालचे दोन्ही लांब तंतू अर्ध्यात तुटलेत. एका गोल्डफिशच्या कुशीवर खवले गेलेला उघडा डाग आहे. निऑन आधी बरेच जास्त होते म्हणे, ‘हळूहळू कमी होत गेले’. एंजलचं तोंड आणि निऑनची जाडी शेजारी शेजारी पाहिली की ते कुठे गेले हे विचारावं लागत नाही. संशयाची सुई बेडकांकडेही जाते.

आपल्याकडे चार फुटी टाकी एक, तीन फुटी दोन, गप्पींची दोन फुटी एक आणि मागच्या अंगणातला सिमेंटचा हौद. सुट्टीभर शाळेच्या शिपाई मामांनी गप्पींना खाणं घातलं आणि सगळे स्पंज फिल्टर त्याच टाकीत चालू ठेवले, म्हणून स्पंजातले, माशांची घाण पचवणारे जिवाणू जिवंत आहेत. तसं नसतं तर आज एवढ्या जिवांना हो म्हणता आलं नसतं. तात्पुरती सोय : बेडूक एका तीन फुटीत, टायगर बार्ब दुसऱ्या तीन फुटीत, एंजल आणि सकर चार फुटीत, निऑन गप्पींकडे. गोल्डफिश दोन मोठ्या टबांत, हवेचा पंप लावून.

नववीच्या विज्ञान गटाचा या वर्षीचा प्रकल्प ठरला : या प्रत्येकाला योग्य जागा आणि योग्य सोबत शोधायची. दुकानात लोक एकच प्रश्न विचारतात, ‘भांडत नाहीत ना?’ आपण प्रत्येक जिवाचं कार्ड करणार आहोत आणि त्यावर भांडणाचा रकाना शेवटी असेल. त्याआधी पाण्याचं तापमान, पीएच, मोठेपणीची लांबी, तोंडाचा आकार, खाण्याचा वेग, टाकीतला थर आणि किती जणांच्या थव्यात राहतो हे सगळं. आणखी एक रकाना मी मुद्दाम घातला आहे, तो म्हणजे औषध. त्याचं कारण बेडकांपाशी येईल.

१८ जून

आज बेडकांची ओळख पटवली. एकाला काचेच्या बरणीत घेतलं आणि मुलांना खालून भिंगाने पुढचे पाय पाहायला सांगितले. चार बोटं सुटी सुटी, मध्ये पडदा अजिबात नाही. मागच्या पायांना मात्र पूर्ण पडदा, आणि आतल्या तीन बोटांच्या टोकाला छोटी नखं. डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, थेट आकाशाकडे पाहणारे. थोबाड चपटं आणि गोलसर.

म्हणजे हा ड्वार्फ फ्रॉग नव्हे. खऱ्या ड्वार्फ फ्रॉगच्या, हायमेनोकायरसच्या, चारही पायांना पडदे असतात, डोळे बाजूला असतात आणि पूर्ण वाढ झाली तरी तो साडेतीन-चार सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. आपले आत्ताच पाच सेंटीमीटरचे आहेत. हा आफ्रिकन क्लॉड फ्रॉग, झेनोपस लेविस. मादी दहा-बारा सेंटीमीटरची होते आणि पाळीव अवस्थेत पंधरा वर्षांहून जास्त जगते. बाजारात पांढरा, लाल डोळ्यांचा पाणबेडूक ‘ड्वार्फ’ म्हणून मिळाला तर तो जवळजवळ नेहमी हाच असतो. विकत घेताना पुढचा पाय पाहावा, एवढं जरी मुलांनी घरी जाऊन सांगितलं तरी पुष्कळ झालं.

याला जीभ नसते. समोर आलेलं पुढच्या दोन्ही हातांनी तोंडात कोंबतो. गांडुळाचा तुकडा टाकला तेव्हा मुलांनी ते पाहिलं आणि वर्गात एकदम शांतता पसरली. तोंडात मावेल ते सगळं अन्न, हा याचा साधा हिशोब. निऑनचं गणित इथे पूर्ण सुटलं.

जाता जाता मुलांना याचा इतिहासही सांगितला. १९३० च्या दशकात लान्सलॉट हॉगबेन यांच्या कामातून या बेडकीवर गर्भधारणेची चाचणी बसवली गेली. स्त्रीच्या मूत्राचं इंजेक्शन दिल्यावर बेडकीने अंडी घातली की स्त्री गरोदर. पुढे कित्येक वर्षं जगभरच्या दवाखान्यांत या बेडक्या पाळल्या जात होत्या. एका मुलीने विचारलं, “मग नंतर त्यांचं काय झालं, सर?” काही सोडून दिल्या, काही निसटल्या, आणि अनेक देशांत तो आता उपरा प्राणी म्हणून तळ ठोकून बसला आहे. ह्या नोंदीत हा मुद्दा पुन्हा येणार.

२० जून

पाणी तपासलं. आपलं बोअरचं पाणी जड, पीएच ८. खोलीत ठेवलेल्या पाण्याचं तापमान २७ अंश.

सोबती निवडताना पाणी आधी पाहायचं. बोअरचं पाणी बदलणं आपल्या हातात नाही, मासे निवडणं आहे. पीएच ८ चा दुसरा अर्थ मुलांना फळ्यावर मांडून दाखवला. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं मुक्त रूप माशाचे कल्ले जाळतं. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का मुक्त रूपात असतो. तोच पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे तेवढीच घाण आपल्या पाण्यात सुमारे दहापट जास्त विषारी. म्हणून ‘अजून चार मासे मावतील’ हे वाक्य आपल्या प्रयोगशाळेत चालणार नाही.

निऑन ॲमेझॉनच्या मऊ, आम्ल पाण्यातले. गावात एकांकडे आरओच्या पाण्यावर चालणारी वनस्पतींची टाकी आहे, त्यांनी सहाही जण आनंदाने घेतले. तिथे त्यांच्या जातीचा मोठा थवा आधीच आहे. निऑनचा विषय संपला.

२४ जून

गोल्डफिश हौदात हलवले. बाकीचे सगळे मासे उष्ण पाण्यातले आणि हा थंड पाण्यातला, ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. त्याला २० अंशांच्या आसपास मानवतं. २० अंशाला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच. आणि गरम पाण्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. त्यात गोल्डफिश सगळ्यांत जास्त घाण करणारा. एंजलला हवं तेवढं पाणी तापवलं की गोल्डफिश धापा टाकतो.

हौदावर बदामाच्या झाडाची सावली आहे आणि पाणी भरपूर आहे, त्यामुळे दुपारीही ते पटकन तापत नाही. खंड्यासाठी वर जाळी ताणली. डासांच्या अळ्या आपोआप साफ होतील, त्यामुळे मुख्याध्यापक मॅडमही खूश आहेत.

२७ जून

सकर. गोल्डफिशच्या कुशीवरचा डाग याचाच. काचेवरचं शेवाळ संपलं की हा रात्री संथ, रुंद माशांच्या अंगाला चिकटतो आणि त्यांचा बुळबुळीत थर खरवडतो. ‘टाकी साफ करणारा’ म्हणून तीन इंचांचा विकला जातो आणि फूट-दीड फुटाचा होतो. चार फुटी टाकीतही तो आयुष्यभर राहू शकत नाही.

वर्गातून सूचना आली, “सर, कृष्णेत सोडू या की. एवढी मोठी नदी आहे.” सूचना प्रेमापोटी होती, म्हणून उत्तर सविस्तर दिलं. हा दक्षिण अमेरिकेतला मासा. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर हवा गिळून पोटातून श्वास घेतो, म्हणून सांडपाण्यातही टिकतो. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, त्याने काठ ढासळतात. पंखांचे काटे मच्छीमारांच्या जाळ्यात अडकतात आणि जाळी फाटते. आणि देशातल्या अनेक नद्या-तलावांत तो असाच, कोणीतरी दया येऊन सोडल्यामुळे, पसरला आहे. आपल्या नदीतल्या माशांना त्याच्याशी सामना करायची सवय नाही.

नदीत, ओढ्यात, विहिरीत टाकीतला एकही जीव सोडायचा नाही, हा नियम मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला. सकर एका हौशी मत्स्यपालकांच्या मोठ्या बंदिस्त हौदात गेला.

३ जुलै

“बेडकांना सोबत नको का?” हा प्रश्न रोज येतो. आज पूर्ण तास त्यावरच घालवला, कारण या प्रकल्पातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे.

मुलांनी आपापले उमेदवार कार्डांसकट मांडले. गप्पी? दोन दिवसांत पोटात. मोठा एंजल? तोंडात मावणार नाही हे खरं, पण बेडकाला १८ ते २४ अंश मानवतं आणि एंजलला त्याच्या वरचं. शिवाय माशांच्या टाकीतला फिल्टरचा जोराचा प्रवाह बेडकाला नको असतो. त्याच्या अंगावर टाके घातल्यासारख्या बारीक रेघा आहेत, त्यांतून त्याला पाण्याची हालचाल कळते. सतत प्रवाह अंगावर आदळला की तो कोपऱ्यात दबून बसतो.

मग एका मुलाने कोरीडोरस सुचवला, तळाचा आणि चिलखती. हा सर्वांत धोक्याचा. कोरीडोरस घाबरला की पंखांचे कडक काटे ताठ करून अडकवून टाकतो. बेडूक गिळायला जातो, काटे घशात रुततात आणि दोघेही मरतात.

खऱ्या ड्वार्फ फ्रॉगचं काय, तो तर शांत असतो, हाही प्रश्न आला. त्याची अडचण उलटी. त्याला नीट दिसत नाही, वासावर आणि चाचपडत अन्न शोधतो. टाकलेला घास मासे अर्ध्या मिनिटात फस्त करतात आणि हा रिकामा राहतो. भांडण एकही होत नाही, बेडूक मात्र महिन्याभरात खंगत जातो. म्हणून कार्डावर खाण्याचा वेग हा रकाना आहे.

आणि आता औषधाचा रकाना. माशाच्या अंगावर खवले आणि चिकट थर असतो. बेडकाची कातडी उघडी, पाणी आणि क्षार ती थेट शोषते, काही प्रमाणात तिच्यातूनच श्वासही चालतो. माशांच्या रोगांवरची आपल्याकडे सर्रास मिळणारी औषधं म्हणजे फॉर्मेलिन, मॅलाकाइट ग्रीन, तांब्याचे क्षार. माशाला जी मात्रा बरी करते ती बेडकाला मारू शकते. एका टाकीत दोघं ठेवले की मासा आजारी पडल्यावर एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला धोक्यात घालावं लागतं. माझ्या मते मासे आणि बेडूक एकत्र न ठेवायला एवढं एकच कारण पुरेसं आहे, बाकी सगळं मान्य नसलं तरी.

निर्णय : तीन फुटी टाकी फक्त या दोन बेडकांची. दोघं सारख्याच आकाराचे असल्यामुळे एकमेकांना धोका नाही. मंद स्पंज फिल्टर, पालथं घातलेलं कुंडीचं खापर लपायला, वर घट्ट झाकण आणि झाकणावर वजन, कारण हे ढकलून बाहेर पडतात. झाकण आणि पाणी यांत मोकळी जागा, कारण ते हवा घ्यायला वर येतात.

९ जुलै

टायगर बार्ब तीनच असल्यामुळे त्यांची पळापळ फार होती. हा मासा थव्यात आपसात दमदाटी करतो. थवा छोटा पडला की तीच दमदाटी शेजाऱ्यांच्या लांब पंखांवर निघते, एंजलचे तंतू तसेच गेले. आठ-दहा जण असतील तर एकमेकांतच गुंतून राहतात. म्हणून आणखी सात आणले.

प्रवासाचा ताण बसला आणि चौथ्या दिवशी अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. इच, म्हणजे परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत नेलं आणि मॅलाकाइट ग्रीन-फॉर्मेलिनचं औषध सुरू केलं. ठिपक्याच्या आत दडलेल्या परजीवीला औषध लागत नाही, तो बाहेर पडून पाण्यात मोकळा पोहत असतो तेवढ्यातच मरतो. उष्णतेने त्याचं चक्र लवकर फिरतं, म्हणून तापमान वाढवायचं आणि ठिपके गेल्यावरही औषध थांबवायचं नाही.

मुलं आपण होऊन म्हणाली, “बेडूक यात असते तर?” ३० अंश आणि फॉर्मेलिन, दोन्ही त्यांच्या जिवावर. बादली, जाळी आणि पाइपही दोन्ही टाक्यांचे वेगळे केलेत, रंगीत पट्ट्या चिकटवून.

१५ जुलै

पाऊस चांगला आहे. मैदानाच्या कडेच्या डबक्यातून पाचवीची मुलं ओंजळीत बेडकांची पिल्लं, म्हणजे शेपटीवाले बेडूकमासे, घेऊन आली आणि टाकीत सोडायची परवानगी मागितली. त्यांना तिथल्या तिथे डबक्यात परत सोडायला लावलं आणि मग समजावलं.

मासे त्यांना खातील किंवा, चामखिळ्या भेकाचे असतील तर, चावून त्रास करून घेतील. पण खरं कारण वेगळं आहे. बेडकांच्या कातडीवर वाढणारी एक सूक्ष्म बुरशी आहे, तिला कायट्रिड म्हणतात. तिचं वर्णन १९९९ मध्ये झालं आणि जगभरात बेडकांच्या अनेक जाती तिने संपवल्या. झेनोपस स्वतः आजारी न पडता ती वाहून नेऊ शकतो. सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती सापडली आहे. आपल्या दोघांवर ती आहे की नाही हे नुसतं पाहून कळत नाही, तेव्हा ती आहे असं धरूनच वागायचं.

म्हणून बेडकांच्या टाकीचं काढलेलं पाणी गटारात किंवा कुंड्यांत ओतायचं नाही. बादलीत ब्लीच घालून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी संडासात ओतायचं. बेडकांना हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवायचे. मामांनी दोन्ही गोष्टी लगेच अंगवळणी पाडल्या, त्यांचं कौतुक इथे लिहून ठेवतो.

२२ जुलै

चार फुटी टाकी. आतून १२० बाय ४५ बाय ४५, म्हणजे २४३ लिटर, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता २०० धरायचे. मुलांचं मत एकमुखी : एंजल इथेच राहणार. ठीक आहे, मग टाकी एंजलभोवती रचायची.

एंजल इथल्या पाण्यात तग धरतो कारण आजचे एंजल फार्मवर वाढलेले असतात. पण मग बार्ब बाद, सगळेच, कारण पंख कुरतडतील. गप्पी बाद : नरांच्या झुबकेदार शेपट्या आणि लहान अंग. निऑनचं तर पाहिलंच. उरतं कोण? प्लॅटी. जड, अल्कली पाणी त्यांच्या आवडीचं, अंग जाडजूड, पूर्ण वाढलेली प्लॅटी एंजलच्या तोंडात मावत नाही. पिल्लं मावतात, आणि प्लॅटीच्या पिलावळीवर तोच एक लगाम आहे. तळाला कांस्य कोरीडोरस सहा, बारीक वाळूवर, कारण खरखरीत खडीने त्यांच्या मिशा झिजतात. एंजल मधल्या थरात, प्लॅटी मध्यापासून वर, कोरी खाली. कोणी कोणाच्या वाटेत नाही.

दगड आपल्याच नदीपात्रातले, काळे, बेसाल्टचे. ज्यांत पांढऱ्या पुळ्या होत्या त्यांच्यावर व्हिनेगर टाकून पाहिलं. काहींवर फेस आला, म्हणजे कॅल्साइट, ते बाजूला काढले. पाणी आधीच पुरेसं जड आहे.

वनस्पतींबरोबर गोगलगायी येतील, तेव्हा झेब्रा लोच आणू, असं गटप्रमुख म्हणाली. विचार अभ्यासपूर्ण होता. तो मासा गोगलगायी खातो, शांत असतो आणि आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातलाच आहे. पण जगाच्या यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. दुकानातला मासा फार्मवरचा की ओढ्यातून उपसलेला हे आपल्याला ओळखता येणार नाही. आपल्या नदीतला मासा आपल्या टाकीसाठी कमी व्हावा हे मला चालणार नाही. गोगलगायी हातांनी वेचू.

५ ऑगस्ट

प्लॅटी आणि कोरी वेगळ्या टबात ठेवून, निरोगी आहेत याची खात्री झाल्यावर चार फुटीत सोडले. आधी कोरी, मग प्लॅटी. एंजलला दोन दिवस बाहेर टबात ठेवलं, दगडांची जागा बदलली आणि शेवटी त्याला आत घेतलं. इतके दिवस ती टाकी एकट्याची होती, तिथे नव्यांना सोडलं असतं तर त्याने त्यांना उपरे धरून पिटाळलं असतं.

खाण्याच्या वेळी तासभर समोर बसून पाहिलं. एंजल आणि प्लॅटी पापड्या वरचेवर संपवतात, कोरींपर्यंत काही पोचत नाही. म्हणून बुडणाऱ्या गोळ्या दिवे मालवल्यावर टाकायच्या. त्या वेळी एंजल सुस्तावतो आणि कोरी वाळूत तोंड खुपसत बाहेर येतात. सगळ्या कोरींची पोटं गोल आहेत का हे रोज पाहायचं काम दोन मुलींनी घेतलं आहे.

टायगर बार्ब बरे झाले. दहाही जण तीन फुटीत, दुसरं कोणी नाही. ती टाकी पाहायला सर्वांत जास्त गर्दी असते.

१९ ऑगस्ट

एका मुलाने ॲक्सोलॉटलची, म्हणजे आयुष्यभर पाण्यातच राहणाऱ्या एका शेपटीवाल्या उभयचराची, जाहिरात पाहिली आणि बेडकांशेजारी ठेवायला मागितला. कार्ड त्यालाच भरायला लावलं. मूळ घर मेक्सिको सिटीजवळचं शोचिमिल्को, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच. तापमान १६ ते १८ अंश. आपल्या खोलीत एप्रिलमध्ये पाणी ३२ ला जातं. चिलर बसवला तरी वीज गेली की दुपारपुरता तो जीव उकडणार. बाहेरच्या पिसासारख्या कल्ल्यांना मासे कुरतडतात आणि तो माशांना गिळतो, म्हणजे सोबत कोणाचीच नाही. शिवाय हा साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्टातला प्राणी, घेतला तर सरकारकडे नोंदणी करणं आलं. मुलाने शेवटच्या ओळीत स्वतःच लिहिलं : आपल्या गावात नको.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. सुट्टीसाठी मामांकडे प्रत्येक टाकीच्या, तारखा घातलेल्या खाण्याच्या पुड्या दिल्या. बेडकांना आठवड्यातून तीनदाच. पुडीबाहेरचं काहीही टाकायचं नाही, पाहुण्यांनी प्रसादाचा बुंदीचा दाणा पुढे केला तरी नाही.

४ सप्टेंबर

सुट्टीनंतर सगळे जागच्या जागी. अमोनिया आणि नायट्राइट चारही टाक्यांत शून्य. एंजलचे तंतू पुन्हा वाढू लागलेत, टोकं अजून वाकडी आहेत.

आता नवी मागणी : एंजल एकटा आहे, त्याला जोडी आणू. नाही आणायची. जोडी जमली तर ती पानावर किंवा काचेवर अंडी घालते आणि अर्धी टाकी आपली म्हणून राखते. प्लॅटींना पळायला जागा उरणार नाही आणि रात्री फिरणाऱ्या कोरींचे हाल होतील. जोडी जमली नाही तर दोघांतला दुबळा कोपऱ्यात मार खात राहील. एंजल अनेक असतील तर राग वाटला जातो, पण तेवढे एंजल २०० लिटरमध्ये बसत नाहीत. कार्डावर थव्याच्या रकान्यात ‘या टाकीत एकच’ असं लिहिलं आणि खाली कारण.

राहिलेलं काम : बेडकांच्या टाकीसाठी पृष्ठभागावर वारा मारणारे दोन छोटे पंखे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. झाकणाला जाळी बसवावी लागेल, नाहीतर हे दोघं पंख्यापर्यंत पोचतील. मार्चच्या आधी, म्हणजे जानेवारीच्या खर्चाच्या यादीतच मॅडमकडे द्यायचं.